लहान मुलांतील बारीक जंत : उपचार एका मुलावर नव्हे, साऱ्या घरावर

रात्री मूल गाढ झोपेतून दचकून उठते, शौचाच्या जागी खाजवू लागते, अंथरुणात तळमळत राहते आणि सकाळी चिडचिड करीत शाळेत जाते. आई त्याला डॉक्टरांकडे नेते, गोळी मिळते, चार-आठ दिवस बरे जातात आणि महिना-दीड महिन्याने तोच त्रास नव्याने सुरू होतो. मग गोळी बदलली जाते, डॉक्टर बदलले जातात, मुलाची मिठाई बंद होते, कधी त्याच्या पाठीत धपाटाही बसतो. जंत मात्र जात नाहीत.

हा त्रास पुन्हा पुन्हा का उद्भवतो, याचे उत्तर बहुतेक वेळा औषधाच्या दर्जात नसते. औषध एकदाच दिले गेले, एकट्या मुलाला दिले गेले आणि घरात पसरलेल्या अंड्यांकडे कोणाचे लक्ष गेले नाही, हे त्याचे खरे कारण असते. हे बारीक जंत एका मुलाचा आजार नसून संपूर्ण घराचा आजार आहेत. ही एक गोष्ट ध्यानात आली की पुढील सर्व उपाय सुकर होतात. म्हणूनच या जंतांचे जीवन कसे चालते आणि घरच्या घरी त्यांचा बंदोबस्त कसा करावा, याची माहिती प्रत्येक आईवडिलांना असणे अगत्याचे आहे.

हे जंत कोणते?

आपण ‘जंत’ हा एकच शब्द अनेक निरनिराळ्या कृमींसाठी वापरतो. गांडुळासारखा लांबलचक दिसतो तो गोलकृमी. शौचावाटे भाताच्या शितांसारखे किंवा काकडीच्या बियांसारखे चपटे तुकडे पडतात ते पट्टकृमीचे. रक्त शोषून मुलाला पांढरेफटक करतो तो अंकुशकृमी. प्रस्तुत लेखाचा विषय असलेला जंत या सर्वांहून वेगळा आहे. तो पांढऱ्या शिवणदोऱ्याच्या तुकड्यासारखा दिसतो. मादीची लांबी साधारण ८ ते १३ मिलिमीटर असते, तर नर त्याहून बराच लहान, २ ते ५ मिलिमीटरांचा असतो. मादीची शेपटी टाचणीसारखी टोकदार असल्याने डॉक्टर त्याला ‘पिनवर्म’ म्हणतात. ‘एन्टेरोबियस व्हर्मिक्युलॅरिस’ हे त्याचे शास्त्रीय नाव.

मानवाची आणि या कृमीची सोबत फार जुनी आहे. अमेरिकेतील युटा राज्यात ‘डेंजर केव्ह’ नावाची गुहा आहे. तेथे सापडलेल्या, सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीच्या वाळलेल्या मानवी विष्ठेत या जंताची अंडी आढळली आहेत. आजही तो श्रीमंत-गरीब, शहर-खेडे असा भेद मानत नाही. ज्या देशांत प्रत्येक घरी उत्तम संडास आणि नळाचे पाणी आहे, तेथील मुलांनाही तो होतो. पाच ते दहा वर्षे वयाच्या मुलांत त्याचे प्रमाण अधिक असते, कारण या वयाची मुले एकत्र खेळतात, एकत्र झोपतात आणि त्यांची बोटे वारंवार तोंडात जातात. म्हणून आपल्या मुलाला जंत झाले यात आईवडिलांनी लाज बाळगण्याचे काहीच कारण नाही. विशेषतः घरातील सुनेच्या स्वच्छतेकडे बोट दाखवण्याची जी रीत आपल्याकडे दिसते, ती तर अन्यायकारक आहेच, शिवाय अज्ञानमूलकही आहे.

जंताचे जीवनचक्र

या जंताची अंडी तोंडावाटे पोटात जातात. लहान आतड्यात ती उबतात, पिल्ले हळूहळू मोठ्या आतड्याच्या आरंभीच्या भागात उतरतात आणि तेथे वाढतात. अंडे गिळल्यापासून मादी अंडी घालण्यास सिद्ध होईपर्यंत साधारण एक ते दोन महिने लागतात. एका जंताचे एकूण आयुष्यही दोन महिन्यांच्या आसपासच असते. म्हणजे नवी अंडी पोटात गेली नाहीत, तर हा आजार औषधाविनाही आपोआप संपला असता! तो संपत नाही, कारण मूल स्वतःच नवी अंडी गिळत राहते.

हे कसे घडते ते पाहू. मूल झोपल्यावर मादी आतड्यातून खाली सरकते, गुदद्वाराबाहेर येते आणि भोवतालच्या त्वचेवर अंडी घालते. एका मादीची अंडी दहा हजारांच्या घरात असतात. ती एका चिकट द्रवाने त्वचेला धरून राहतात. या हालचालीमुळे आणि त्या द्रवामुळे तीव्र खाज सुटते. मूल झोपेतच खाजवते आणि अंडी नखांत, बोटांवर, चड्डीवर, चादरीवर जातात. चार ते सहा तासांत ही अंडी संसर्ग करण्यास समर्थ होतात. सकाळी तेच बोट तोंडात गेले की चक्र पूर्ण झाले.

एका अंड्याचा आकार मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढा असतो, त्यामुळे ते डोळ्यांना दिसत नाही. चादर झटकली की ही अंडी धुळीसारखी उडतात आणि उशी, खेळणी, दाराची मूठ, संडासातील नळ, जमीन अशा सर्वत्र पसरतात. दमट व थंड जागी ती दोन ते तीन आठवडे जिवंत राहू शकतात. एकाच खोलीत, एकाच अंथरुणावर झोपणाऱ्या भावंडांना, मुलाला कुशीत घेणाऱ्या आईला किंवा आजीला ती सहज गाठतात. मोठ्या माणसांना पुष्कळदा कोणताही त्रास जाणवत नाही, परंतु त्यांच्याकडून मुलाला पुन्हा लागण होत राहते.

लक्षणे आणि ओळख

रात्री, विशेषतः झोपल्यानंतर दोन-तीन तासांनी, गुदद्वाराभोवती खाज येणे हे या आजाराचे प्रमुख लक्षण होय. झोपमोड झाल्यामुळे दिवसा चिडचिडेपणा येतो आणि अभ्यासात लक्ष लागत नाही. मुलींमध्ये जंत पुढील बाजूस सरकून योनिमार्गापाशी पोहोचतात. त्यामुळे तेथे खाज, लाली, पाणी जाणे किंवा लघवीस जळजळ होऊ शकते. काही मुले पुन्हा अंथरूण ओले करू लागतात. सतत खाजवल्याने त्वचा सोलवटून तिच्यात पू होण्याचाही संभव असतो. दुसरीकडे, अनेक मुलांना जंत असूनही कसलीच तक्रार नसते.

ओळख पटवण्याचे दोन सोपे मार्ग घरीच उपलब्ध आहेत. पहिला मार्ग असा : मूल झोपल्यावर दोन-तीन तासांनी बॅटरीच्या किंवा मोबाईलच्या उजेडात त्याच्या गुदद्वाराभोवतालची त्वचा हलकेच पाहावी. वळवळणारे पांढरे बारीक दोरे दिसले तर शंका उरत नाही. मुलाला याची आधी कल्पना द्यावी. “बाळा, तुला खाज का येते ते आई रात्री पाहणार आहे,” एवढे सांगितले तरी ते घाबरत नाही.

दुसरा मार्ग सेलोटेपचा. सकाळी मूल उठताच, शौचास किंवा अंघोळीस जाण्यापूर्वी, पारदर्शक चिकटपट्टीचा तुकडा गुदद्वाराभोवतालच्या त्वचेवर दाबून उचलावा आणि डॉक्टरांकडून किंवा प्रयोगशाळेतून आणलेल्या काचपट्टीवर चिकटवावा. सूक्ष्मदर्शकाखाली अंडी दिसतात. एका सकाळच्या तपासणीत साधारण निम्म्याच मुलांचे निदान होते. लागोपाठ तीन सकाळी ती केल्यास दहांपैकी नऊ मुलांचे निदान होऊ शकते. येथे एक सूचना महत्त्वाची आहे. शौचाची नेहमीची तपासणी या जंताच्या बाबतीत फारशी उपयोगी पडत नाही, कारण मादी अंडी आतड्यात घालीत नाही, बाहेर त्वचेवर घालते. ‘शौचात जंत नाहीत’ असा अहवाल हाती आला, म्हणून हे जंत नाहीत असे समजू नये.

औषध दोनदा का घ्यावयाचे?

या जंतावर प्रभावी व स्वस्त औषधे आहेत. डॉक्टर सामान्यतः अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅमची एक मात्रा किंवा मेबेंडाझोल १०० मिलिग्रॅमची एक मात्रा देतात. वजनाच्या प्रमाणात द्यावयाचे पायरँटेल हे औषधही वापरले जाते. गोळी चावून खाण्याची असेल तर लहान मुलाला ती कुटून, पाण्यात कालवून द्यावी. अख्खी गोळी बळेबळे घशात ढकलू नये, ठसका लागून ती श्वासनलिकेत अडकण्याचा धोका असतो.

आता या लेखातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. ही औषधे जंत मारतात, परंतु अंड्यांवर त्यांचा भरवसा धरता येत नाही. ज्या दिवशी पहिली मात्रा घेतली, त्या दिवशी पोटातील जंत मरतात. मात्र नुकतीच गिळलेली आणि घरात इकडेतिकडे पडलेली अंडी शाबूत राहतात. पुढील काही दिवसांत त्यांतून नवे जंत जन्माला येतात. ते मोठे होऊन स्वतः अंडी घालू लागण्यापूर्वीच त्यांना गाठावयाचे असते. म्हणून बरोबर दोन आठवड्यांनी दुसरी मात्रा घ्यावयाची. पहिल्या मात्रेनंतर खाज थांबते, ‘आता बरे वाटते’ म्हणून दुसरी मात्रा राहून जाते आणि महिन्याभराने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते. यासाठी पहिली मात्रा देताच दिनदर्शिकेवर चौदाव्या दिवसाभोवती खूण करून ठेवावी.

दुसरा मुद्दा तितकाच महत्त्वाचा. औषध घरातील सर्वांनी एकाच दिवशी घ्यावे. त्रास असो वा नसो, भावंडे, आईवडील, आजी-आजोबा, घरी राहणारा पाहुणा, सर्वांनी. एकाने आज, दुसऱ्याने पुढच्या आठवड्यात, असे केल्यास जंत एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहतात. याला काही अपवाद आहेत. गरोदर स्त्रिया, अंगावर दूध पाजणाऱ्या माता, दोन वर्षांखालील मुले, यकृताचा विकार असलेल्या व्यक्ती आणि ज्यांना फिट्स येतात अशा व्यक्ती यांनी डॉक्टरांना विचारल्याविना हे औषध घेऊ नये. ज्यांना औषध देता येत नाही, त्यांच्यासाठी पुढे दिलेली स्वच्छतेची शिस्त दोन आठवड्यांऐवजी सहा आठवडे काटेकोरपणे पाळावी. जुने जंत आपले आयुष्य संपवून मरतात आणि नवी अंडी पोटात न गेल्याने साखळी तुटते.

दोन आठवड्यांची घरची शिस्त

औषधाच्या पहिल्या दिवसापासून दुसरी मात्रा होईपर्यंत घरातील सर्वांनी पुढील गोष्टी पाळाव्यात. त्यांत खर्चाचे काहीही नाही, हवे आहे ते केवळ सातत्य.

१. अंघोळ सकाळीच घालावी, संध्याकाळवर ढकलू नये. रात्रभरात त्वचेवर घातलेली अंडी सकाळच्या अंघोळीने वाहून जातात. तांब्याने पाणी ओतून साबणाने ती जागा स्वच्छ धुवावी. मुलांना टबात बसवू नये.

२. नखे अगदी आखूड कापावीत आणि कापलेली नखे इतस्ततः न टाकता कागदात गुंडाळून फेकावीत. नखे कुरतडण्याची व अंगठा चोखण्याची सवय असेल, तर ती प्रेमाने सोडवावी.

३. सकाळी उठल्यावर, शौचानंतर, जेवणापूर्वी आणि स्वयंपाकास हात घालण्यापूर्वी साबण व पाण्याने हात धुवावेत, नखांखालची जागाही चोळावी. कोविडच्या साथीपासून अनेक घरांत सॅनिटायझरची बाटली आली आहे, परंतु या अंड्यांच्या बाबतीत तिच्यावर विसंबून राहू नये. येथे साबण-पाणीच उपयोगी.

४. रात्री मुलाला अंगाबरोबर बसणारी सुती चड्डी घालावी, म्हणजे झोपेत बोटे थेट त्वचेपर्यंत जात नाहीत. ही चड्डी रोज सकाळी बदलावी.

५. चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल आणि झोपताना घालण्याचे कपडे औषध घेतल्याच्या दुसऱ्या सकाळी धुवावेत. ते झटकू नयेत, अलगद गुंडाळून थेट बादलीत टाकावेत, कढत पाण्यात भिजवून साबणाने धुवावेत आणि कडक उन्हात वाळवावेत. ऊन हा या अंड्यांचा शत्रू आहे. कोकण किनाऱ्यावर पावसाळ्यात आठ-आठ दिवस कपडे दमट राहतात, तेव्हा वाळल्यावर गरम इस्त्री फिरवणे उत्तम. प्रत्येकाचा टॉवेल वेगळा असावा.

६. झोपण्याच्या खोलीत कोरडा केर काढण्याऐवजी ओल्या फडक्याने जमीन पुसावी आणि फडके गरम पाण्याने धुवावे. दिवसा खिडक्या-पडदे उघडून खोलीत ऊन येऊ द्यावे. दाराच्या मुठी, संडासातील नळ आणि धुण्याजोगी खेळणी पुसून-धुऊन घ्यावीत.

७. अंथरुणावर बसून खाऊ नये. दात घासण्याचे ब्रश झाकून ठेवावेत आणि वापरण्यापूर्वी पाण्याने धुवावेत.

घरभर जंतुनाशके फवारण्याची, गाद्या फेकून देण्याची किंवा रोज सर्व पांघरुणे उकळण्याची आवश्यकता नाही. अतिरेकाने गृहिणी चार दिवसांत थकते आणि मग जे खरोखर आवश्यक तेही सुटते. वेळ अगदीच अपुरा असेल, तर सकाळची अंघोळ, आखूड नखे, हात धुणे आणि रोज बदललेली चड्डी या चार गोष्टी तरी सोडू नयेत.

शाळेतील गोळीने हे जंत जात नाहीत काय?

२०१५ सालापासून आपल्या देशात राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो. सामान्यतः १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट या दिवसांच्या सुमारास अंगणवाड्यांत व शाळांत १ ते १९ वर्षे वयाच्या मुलांना अल्बेंडाझोलची गोळी विनामूल्य देण्यात येते. एक ते दोन वर्षांच्या बालकांना अर्धी, त्यापुढील मुलांना पूर्ण. हा अतिशय उपयुक्त उपक्रम असून आपल्या मुलांना त्यापासून वंचित ठेवू नये. मात्र त्याचा रोख मातीतून पसरणाऱ्या गोलकृमी, चाबूककृमी आणि अंकुशकृमी यांच्यावर आहे. तीच गोळी बारीक जंतांनाही मारते, परंतु ती एकट्या विद्यार्थ्याला, एकदाच मिळते. घरातील अन्य मंडळी आणि अंडी तशीच राहतात. म्हणून ‘शाळेत गोळी घेतली होती, तरी जंत कसे?’ असा प्रश्न पडल्यास गोळीला दोष देऊ नये. घरच्या उपचाराची जोड तिला मिळाली नव्हती, इतकेच. मुलाने नुकतीच शाळेत गोळी घेतली असेल, तर तसे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

काही गैरसमज

गोड खाल्ल्याने जंत होतात, ही समजूत घरोघरी आहे. साखरेतून जंत जन्माला येत नाहीत. अंडे पोटात गेल्याविना जंत होत नाही. अतिगोड खाणे दातांना अपायकारक आहे खरे, पण तो वेगळा विषय. मातीत खेळल्याने हे जंत होतात असेही नव्हे. गोलकृमी व अंकुशकृमी यांना मातीची गरज लागते, या जंताला लागत नाही. तो माणसाच्या हातावरून माणसाच्या तोंडात जातो. कुत्र्या-मांजरांनाही यात गोवू नये, कारण हा जंत केवळ मानवाच्या आतड्यात वाढतो. पाळीव प्राण्याच्या केसांना अंडी चिकटू शकतात, एवढेच.

वावडिंग, ओवा, कारल्याचा रस अशी घरगुती औषधे आपल्याकडे पूर्वापार दिली जातात. त्यांच्यावर भिस्त ठेवून खात्रीचे औषध टाळू नये. गुदद्वारापाशी रॉकेल, चुना, कापूर किंवा लसूण लावण्याचे अघोरी प्रकार तर कटाक्षाने वर्ज्य करावेत, त्यांनी नाजूक त्वचा भाजते. सोलवटलेल्या त्वचेला आराम पडावा म्हणून थोडे खोबरेल लावण्यास हरकत नाही, मात्र त्याने जंत मरत नाहीत.

आपल्या प्राचीन वैद्यकात या विषयाचा मार्मिक विचार आढळतो. चरकसंहितेत कृमींवर तीन प्रकारची चिकित्सा सांगितली आहे. अपकर्षण म्हणजे कृमी बाहेर काढणे, प्रकृतिविघात म्हणजे त्यांना पोषक असलेली शरीराची स्थिती मोडणे आणि निदानपरिवर्जन म्हणजे ज्या कारणाने ते होतात ते कारणच टाळणे. आज आपल्याकडे पहिल्या कामासाठी उत्तम गोळ्या आहेत. उणीव राहते ती तिसऱ्याची, आणि ते काम डॉक्टर करू शकत नाहीत, घरच करू शकते.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

दोन्ही मात्रा आणि दोन आठवड्यांची शिस्त पाळूनही खाज राहिली, तर डॉक्टरांकडे जावे. लागण नव्याने झाली असेल किंवा खाजेचे कारण निराळेच असेल. ताप, तीव्र पोटदुखी, शौचावाटे रक्त, वजन घटणे, त्वचेवर पू किंवा पसरत जाणारी लाली, मुलीच्या अंगावरून सतत पाणी जाणे, लघवीस जळजळ यांपैकी काहीही असल्यास घरगुती उपचारात वेळ दवडू नये. मूल फिकट दिसत असेल, दम लागत असेल, तर रक्त तपासून घ्यावे. बारीक जंतांमुळे रक्तक्षय होत नाही, त्यामागे अंकुशकृमी किंवा आहारातील लोहाची कमतरता असू शकते.

या आजारासाठी मुलाला शाळेतून किंवा बालवाडीतून घरी ठेवण्याचे कारण नाही. औषध सुरू करून, सकाळी अंघोळ घालून आणि नखे कापून त्याला नेहमीप्रमाणे पाठवावे. मात्र जेथे मुले एकत्र निजतात, अशा पाळणाघराच्या किंवा वसतिगृहाच्या व्यवस्थापकांना विश्वासात घेऊन सांगणे हिताचे ठरते, कारण तेथे एकाच वेळी सर्वांवर उपचार केल्यासच उपयोग होतो. नित्य येणे-जाणे असलेल्या शेजाऱ्यांना वा नातलगांनाही मोकळेपणाने सांगावे. लपवून ठेवलेला जंत शेजारच्या घरातून काही महिन्यांनी पाहुणा होऊन परत येतो.

शेवटी मुलाविषयी दोन शब्द. खाज ही त्याची खोड नाही आणि जंत हा त्याचा अपराध नाही. चारचौघांत “हात काढ, घाणेरड्या!” असे ओरडल्याने खाज थांबत नाही, मूल मात्र आपले दुखणे लपवावयास शिकते. आज ते खाज लपवील, उद्या याहून गंभीर गोष्ट लपवील. त्यापेक्षा त्याला जवळ बसवून काय होत आहे ते त्याला कळेल अशा शब्दांत सांगावे, हात धुण्याचे काम त्याच्याच देखरेखीखाली सोपवावे. दिनदर्शिकेवरील चौदाव्या दिवसाची खूणही त्यालाच करू द्यावी. त्या दिवशी दुसरी गोळी घ्यावयाची आठवण बहुधा तेच साऱ्या घराला करून देईल.